ब्लॉगसाठी स्वस्त होस्टिंग: पहिल्या वर्षाचा भाव पाहू नका भौ, रिन्यूअलचा पहा

नागपुरात मराठी ब्लॉग लिहिणारे आम्ही मोजकेच, आणि त्यातला कोणी ना कोणी सारखं हेच विचारत असते की होस्टिंग कोणतं घेऊ बे, स्वस्त पाहिजे आणि बंदही नाही पडलं पाहिजे. होस्टिंग म्हणजे ब्लॉगच्या फायली ठेवायला नेटवर भाड्यानं घेतलेली जागा. व्हॉट्सअॅपवर तेच ते टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. माझा ब्लॉग काही फार मोठा नाही, जुनं नागपूर, महाल-इतवारीच्या गल्ल्या, सावजी खानावळी, पोळा-मारबत असलं काय काय, फोटो भरपूर आणि वाचणारे रोजचे दोन-चारशे. हा रिव्ह्यू तेवढ्याच ब्लॉगसाठी आहे. ऑनलाइन साड्या विकायच्या असतील तर तुमचं गणित वेगळं, इथं वेळ घालवू नका.

आणि हो, यात कमिशनवाली एकही लिंक नाही. गूगलवर ‘बेस्ट वेब होस्टिंग’ टाकलं की ज्या टॉप टेनच्या याद्या येतात, त्यातल्या बऱ्याच लिहिणाऱ्यांना तुम्ही त्यांच्या लिंकवरून प्लॅन घेतला की पैसे मिळतात, तसं खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही असते, कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. शिवाय यादीत दहा नावं दिसली म्हणजे दहा मालक असतात असंही नाही. ब्लूहोस्ट, होस्टगेटर आणि आपलं बिगरॉक, हे तिन्ही न्यूफोल्ड डिजिटल नावाच्या एकाच अमेरिकन कंपनीचे ब्रँड. बिगरॉक मुळात मुंबईच्या डायरेक्टी ग्रुपचं, ते २०१४ मध्ये एन्ड्युरन्स नावाच्या कंपनीकडं गेलं आणि २०२१ मध्ये एन्ड्युरन्सच्या वेब धंद्यातून न्यूफोल्ड झाली. म्हणजे एकाला कंटाळून दुसऱ्यावर गेलेला माणूस बरेचदा त्याच वाड्यात खोली बदलून राहिलेला असते.

आता भाव. जाहिरातीत समजा ‘महिना फक्त ७९ रुपये’ लिहिलंय. हा ७९ कधी मिळते, तर ४८ महिन्यांचे पैसे आजच एकरकमी भरले तर. ७९ गुणिले ४८ झाले ३७९२, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे कार्डातून आज जाणार साधारण ४४७५ रुपये. ठीक आहे, चार वर्षांचे आहेत, तसे महाग नाहीत. पण त्याच पानावर करड्या रंगात ‘नंतर अमुक रुपये महिना’ असं लिहिलेलं असते आणि तो आकडा तिपटी-चौपटीचाही असू शकते. तोच खरा भाव. पहिले चार वर्षं तुम्ही पाहुणे, नंतर भाडेकरू. एकेका महिन्याचे पैसे भरतो म्हणाल तर भाव पहिल्याच दिवसापासून चढा. मी काय करतो, तर पहिल्या वेळचा आणि रिन्यूअलचा असे दोन्ही भाव कागदावर मांडतो, आठ वर्षांची बेरीज करतो आणि मग दोन कंपन्या समोरासमोर ठेवतो. अशी बेरीज केली की सगळ्यात स्वस्त दिसणारी कंपनी बरेचदा मधल्या नंबरवर येऊन बसते.

भावाहून मोठा प्रश्न मात्र मला वेगळाच वाटते, की उद्या पटलं नाही तर इथून सामान उचलून जाता येईल का? डोमेन, म्हणजे ब्लॉगचा नेटवरचा पत्ता, माझ्या नावावर आहे का, बॅकअप माझ्या हातात आहे का. हे दोन असेल तर होस्टिंग थोडं डावं-उजवं निघालं तरी चालते, एका रविवारी बसून बदलून टाकता येते. हे नसेल तर महिना दहा रुपयेवालंही महाग.

माझं पहिलं होस्टिंग ज्या कंपनीचं होतं तिचं नाव घेत नाही. प्लॅनच्या नावातच ‘अनलिमिटेड’ होतं. वर्षभर काही त्रास नाही, साइट उघडायची, मी लिहायचो, लोक वाचायचे. मग मारबतीचा दिवस आला. बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे ‘इडा-पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत काढलेले मोठाले पुतळे, सोबत बडगे, तेही पुतळेच, अख्खं इतवारी रस्त्यावर असते. मी आदल्या रात्री जुन्या मिरवणुकांचे फोटो आणि माहिती टाकली होती आणि सकाळी ती लिंक पुण्या-मुंबईतल्या नागपूरकरांच्या ग्रुपवर अशी फिरली की काही विचारू नका. दहाच्या सुमारास मित्राचा फोन, अबे तुझी साइट काहून उघडून नाही राहिली? पाहतो तर पांढऱ्या पानावर ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड.

तर हे अनलिमिटेड काय असते ते समजून घ्या. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो साइटी, आणि बहुतेक ठिकाणी क्लाउडलिनक्स नावाची सिस्टीम प्रत्येकाला कुंपण घालून ठेवते, की याला एवढाच सीपीयू, एवढीच मेमरी आणि एका वेळी एवढ्याच एन्ट्री प्रोसेस. ही एन्ट्री प्रोसेस २० असेल तर एकाच क्षणी एकविसावा माणूस आला आणि त्याच्यासाठी वर्डप्रेसला, म्हणजे ब्लॉग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, पान नव्यानं बनवावं लागलं की त्याला ५०८. बँडविड्थ, म्हणजे डेटाची ये-जा, अनलिमिटेड आहे हे खोटं नाही, दारच एवढं अरुंद असते की ती बँडविड्थ कधी वापरलीच जात नाही. चॅटवर सपोर्टला विचारलं तर उत्तर एकच, सर वरचा प्लॅन घ्या. तिप्पट पैशाचा. त्या चॅटवाल्यानं एकदाही सांगितलं नाही की कॅश प्लगइन टाका, तुमची पोस्ट सगळ्यांना सारखीच दिसते तर ती एकदा बनवून ठेवा, तयार पान द्यायला पान बनवणारं पीएचपी चालवावंच लागत नाही. संध्याकाळी मी स्वतः शोधून ते टाकलं आणि साइट त्याच प्लॅनवर सुरळीत चालली, पण तोवर मिरवणूक आटोपली होती अन वाचणारेही. त्या कंपनीला मनातल्या मनात म्हटलं, घेऊन जा गे मारबत.

अनलिमिटेडमधली दुसरी गोम म्हणजे इनोड. इनोड म्हणजे सोप्या भाषेत फायलींची संख्या, जागा किती जीबी लागली त्याचा संबंध नाही. वर्डप्रेसमध्ये तुम्ही एक मोठा फोटो चढवला की ते त्याच्या लहान-मोठ्या साइजच्या प्रती करून ठेवते, थीमनं आणखी साइज मागितल्या की आणखी, एका फोटोमागं सात-आठ फायली सहज होतात. तीन हजार फोटो म्हणजे वीस-पंचवीस हजार फायली तिथंच. फोटोवाला ब्लॉग असेल तर घ्यायच्या आधी इनोडची मर्यादा विचाराच, ती जाहिरातीच्या पानावर क्वचितच असते, अटींमध्ये खोल कुठंतरी सापडते.

ती कंपनी सोडायची ठरवल्यावर सगळ्यांनी सल्ला दिला की अरे लोकल माणूस पहा. सीताबर्डीवर, धरमपेठेत असे बरेच भौ आहेत जे वर्षाला ठरावीक रकमेत डोमेन, होस्टिंग, ईमेल सगळं करून देतात. यांच्याकडं स्वतःचा सर्व्हर नसते, मोठ्या कंपनीचं रिसेलर अकाउंट घेऊन त्याचे तुकडे करून विकतात, त्यात वाईट काही नाही. उलट फोन उचलतात, मराठीत बोलतात, सोमवारी साइट बंद पडली तर दुकानात जाऊन समोर बसता येते, हे सुख कोणत्याच चॅटमध्ये नाही. पण माझ्या एका मैत्रिणीचं जे झालं ते ऐका. तिचं डोमेन त्या दुकानदारानं स्वतःच्या ईमेलवर रजिस्टर केलेलं. तो नोकरी लागून पुण्याला गेला, दुकान बंद, फोन आधी व्यस्त मग स्विच ऑफ. डोमेन संपायच्या सूचना सगळ्या त्याच्या मेलवर. तिचं स्वतःच्या नावाचं डोमेन, पैसे तिनं भरलेले, पण रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या, लेखी मालक तो. खूप खटपटीनं तो सापडला आणि ट्रान्सफरचा ऑथ कोड दिला, भला माणूस होता म्हणून. लोकल माणसाकडून होस्टिंग घ्या, मी नाही म्हणत नाही, पण डोमेन तुमच्या लॉगिनमध्ये, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या नावानं. तो म्हणाला की ‘त्याची तुम्हाला कशाला कटकट’, तर चहा पिऊन उठा.

माझ्या मते तर डोमेन आणि होस्टिंग दोन वेगळ्या ठिकाणीच पाहिजे. होस्टिंगसोबत फुकट मिळणारं डोमेन फुकट नसते. .कॉम सांभाळणाऱ्या व्हेरीसाइनचा घाऊक भावच सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला, त्यामुळं ९९ रुपयात कोणी देत असेल तर तो पहिल्या वर्षी तोटा खाऊन पुढं वसूल करणार हे उघड आहे. पटलं नाही म्हणून ३० दिवसांत होस्टिंगचे पैसे परत मागितले तर त्या ‘फुकट’ डोमेनची किंमत कापून घेतात, हेही अटीत असते. मराठी ब्लॉगला .इन मस्त चालते, ते आपल्या निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाच्या) ताब्यातलं. देवनागरीतलं .भारत २०१४ पासून मिळते, दिसते झकास, पण लिंक कुठं पेस्ट केली की तिचं असं काही विचित्र रूप होते की समोरच्याला फ्रॉडचा मेसेज वाटते, म्हणून मी त्याच्या फंदात पडलो नाही.

सध्या मी होस्टिंगरवर आहे. कंपनी लिथुआनियाची, पण सर्व्हर भारतातला निवडता येते, पैसे यूपीआयनं भरता येतात, आणि होस्टिंग सांभाळायच्या नेहमीच्या सीपॅनेलच्या जागी त्यांचं स्वतःचं एचपॅनेल आहे जे नवख्या माणसालाही जमते. खाली लाइटस्पीड नावाचं सर्व्हर सॉफ्टवेअर आहे, त्यामुळं लाइटस्पीड कॅश हे फुकटचं प्लगइन टाकलं की मघाशी सांगितलेली ५०८वाली भानगड बरीच आटोक्यात राहते. भावाचा खेळ इथंही तोच, सगळ्यात कमी भाव लांब मुदतीवर, रिन्यूअल जास्त, ते दोन्ही आकडे पाहूनच घ्या. खालच्या प्लॅनमध्ये बॅकअप आठवड्याचा आणि वरच्यात रोजचा, असं मी घेतलं तेव्हा होतं. लहान ब्लॉगला खालचा पुरते, कारण बॅकअपसाठी कंपनीच्या भरवशावर बसायचंच नाही, अपड्राफ्टप्लस नावाच्या बॅकअप प्लगइनचं फुकट व्हर्जन बॅकअप गूगल ड्राइव्हवर आपोआप टाकत राहते. एवढं करा आणि निवांत झोपा. मला पाचपैकी चार द्यावेसे वाटतात, एक कापला तो लांब मुदतीच्या आग्रहासाठी.

सर्व्हर भारतात पाहिजे हे मी काहून म्हणून राहिलो ते सांगतो. वाचणारे नागपूर-अमरावती-पुण्याचे आणि सर्व्हर अमेरिकेत असला तर एक फेरी जायला-यायला दोनशे मिलिसेकंदांच्या वरच. पान उघडताना कनेक्शन जोडणं, एचटीटीपीएसची ओळखपाळख, मग प्रत्यक्ष मागणी, अशा तीनेक फेऱ्या होतात, म्हणजे पहिलं अक्षर यायच्या आधीच अर्ध्या सेकंदाहून जास्त गेला. मुंबईचा सर्व्हर असला की तीच फेरी सहसा पन्नासच्या आत. वर क्लाउडफ्लेअरचा फुकट प्लॅन लावा, ही वाचकाच्या जवळच्या सेंटरवरून फायली देणारी सेवा, आणि त्यांच्या डेटा सेंटरांच्या यादीत चक्क आपलं नागपूर आहे. मात्र फुकट प्लॅनवर तुमचा वाचक नागपूरच्याच सेंटरवर जाईल असं काही नाही, नेट कोणाचं आहे त्यावर ठरते, बरेचदा मुंबईला जाते. आणि ते फोटो, सीएसएस असल्या फायली सांभाळते, मूळ पान नेहमीच्या सेटिंगमध्ये तुमच्या सर्व्हरवरूनच येते. म्हणून सर्व्हर ढिम्म असेल तर क्लाउडफ्लेअर लावून फार चमत्कार होत नाही.

९९.९ टक्के अपटाइमची, म्हणजे साइट चालू राहण्याची, गॅरंटी सगळेच देतात. हिशेब केला तर महिन्याला ४३ मिनिटं बंद राहिलं तरी शब्द पाळला म्हणायचा, आणि नाही पाळला तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट. अपटाइमरोबोटवर फुकट खातं उघडा, दर पाच मिनिटांनी तपासून बंद दिसलं की मेल करते, मग वाद घालायला आपल्याकडं पुरावा राहते.

एसएसएलचे, म्हणजे साइटला एचटीटीपीएस देणाऱ्या सर्टिफिकेटचे, वेगळे पैसे कोणी मागत असेल तर सरळ उठून या. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट असते आणि सर्व्हर ते स्वतःच रिन्यू करते.

जुन्या ब्लॉगवाल्यांसाठी मुद्दाम एक, कारण इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये हे कोणी लिहीत नाही. होस्टिंग बदलताना डेटाबेस इकडून तिकडं नेला आणि सगळ्या मराठीची वाट लागली, असं होते. कारण मायएसक्यूएलची (वर्डप्रेसच्या डेटाबेसची) मूळ सेटिंग ८.० व्हर्जन येईपर्यंत लॅटिन१, म्हणजे इंग्रजी-युरोपी अक्षरांची, होती, आणि खूप जुन्या साइटींत मराठी मजकूर त्या लॅटिनच्या खोक्यात कोंबलेला असते. नवीन ठिकाणी उघडून पाहिलं आणि डोक्यावर तिरक्या रेघा असलेले इंग्रजी ‘ए’ ओळीनं दिसले तर घाबरू नका, मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसून राहिला, एक्सपोर्ट करताना कॅरेक्टर सेट बरोबर दिला की येते. पण अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असली तर त्या कॉपीतली मराठी गेली, कायमची, ती कॉपी फेकून द्या आणि जुन्या जागेवरून पुन्हा एक्सपोर्ट करा. म्हणूनच नवीन जागी प्रत्येक पोस्ट डोळ्यांनी पाहेपर्यंत जुनं अकाउंट बंद करायचं नाही, भले एक महिना दोन्हीकडं पैसे जावोत. नवीन डेटाबेस सगळ्या लिप्या मावणारा युटीएफ८एमबी४च घ्या, इमोजीलाही तोच लागते.

याच्याशी लागूनच, होस्टिंगचा दोष नाही तरी लोक होस्टिंगला शिव्या देतात ती गोष्ट. मराठी शीर्षकाची लिंक वर्डप्रेस स्वतःच बनवते, त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, आतून नऊ अक्षरांचं होते, आणि सगळी मिळून मर्यादा २०० ची. माझ्या पोस्टचं नाव होतं ‘नागपूरची मारबत आणि बडग्या’. चिन्हं बावीस, म्हणजे १९८, वर मधल्या तीन जागा, झाले २०१. एकानं जास्त! लिंकमध्ये शेवटचा काना उडाला आणि बडग्याचा ‘बडग्य’ झाला. तेव्हापासून लिंक इंग्रजी अक्षरात छोटीशी हातानं टाकतो, व्हॉट्सअॅपवरही ती अर्धा स्क्रीन खात नाही.

पैसे भरायचं एक लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (आपोआप पैसे कापायच्या परवानगीच्या) नियमात न बसणारे कार्डावरचे ऑटोपे आपल्याकडं चालत नाहीत. बाहेरच्या कंपनीला कार्ड देऊन तुम्ही समजता की आपोआप रिन्यू होईल आणि तिकडं पेमेंट फेल होऊन बसते. होस्टिंग गेलं तर बॅकअपवरून उभं करता येते, पण .कॉम डोमेनची मुदत अन सवलतीचे दिवसही संपून ते रिडेम्प्शनमध्ये गेलं की त्या ३० दिवसांत सोडवायला घसघशीत जास्तीचे पैसे, आणि त्यानंतर ते कोणीही घेऊ शकते. डोमेन एकदम दोन-तीन वर्षांचं भरून टाका, होस्टिंग मात्र शक्यतो वर्षाचंच. लोक नेमकं उलट करतात.

व्हीपीएसचं, म्हणजे सर्व्हरचा आपल्या एकट्याच्या हातातला वेगळा तुकडा, कोणी तरी विचारणारच. डिजिटलओशनचं बंगळुरूत आहे, लिनोडचं मुंबईत आहे, सुरुवात महिना चार-पाच डॉलरपासून, रिन्यूअलचा डाव नाही, भाव तोच राहते. पण सर्व्हरचं अपडेट, फायरवॉल, मध्यरात्री अडकलेला डेटाबेस, सगळं तुमच्याच गळ्यात. आयटी पार्कात दिवसभर हेच करणाऱ्यांना मजा येईल, बाकीच्यांनी दूर राहावं.

आणि खरं सांगू का, ज्याला नुसतं लिहायचं आहे त्याला यातलं काहीच नको. महालात आमची काकू राहते, तिला पाककृती लिहायच्या होत्या, वडाभात, गोळाभात, पाटोडी, सांडग्याच्या भाजीचे प्रकार. पहिला प्रश्न, काऊन रे, यात दर महिन्याला पैसे कटतात का? तिला मी ब्लॉगर उघडून दिलं. २००३ पासून गूगलकडं आहे, होस्टिंगचा खर्च शून्य, स्वतःचं डोमेन जोडता येते आणि एचटीटीपीएसही फुकट. डिझाइन जुनाट दिसते आणि गूगलनं उद्या बंद करायचं ठरवलं तर आपण काही करू शकत नाही, म्हणून सेटिंगमधून बॅकअप उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवायला शिकवलंय. वर्षाचा खर्च फक्त डोमेनचा. ते तिच्याच ईमेलवर घेतलं, पैसे तिच्याच यूपीआयवरून गेले, अन पासवर्ड मलाही माहीत नाही.